बुडबुडा नको

लेम्पीच्या घरी आधी कॉफी, मग काम.
हे नियमावलीत नाही, तरी मोडता येत नाही.
बाहेर उणे नऊ. अंगणात बर्चची लाकडं रचलेली,
त्यांच्यामागे दुधाच्या जुन्या कॅनखाली झाकलेलं
बोअरचं तोंड, वीतभराहून अरुंद,
आणि खाली सत्त्याऐंशी मीटर काळोख.
चौऱ्याहत्तर साली ओईवाने पाडून घेतली.
आठ दिवस यंत्र ग्रॅनाइट भरडत होतं.
नवव्या दिवशी पाणी लागलं, तेव्हा म्हणे
तो टोपी काढून उभा राहिला, एक शब्द न बोलता.
"बोलायचा तर तो कधीच नाही," लेम्पी म्हणते,
"पण टोपीही काढायचा नाही."

मी नळाची जाळी काढते. दहा मिनिटं पाणी सोडून देते;
पाइपात रात्रभर बसलेलं नको,
खडकातून आत्ता निघालेलं हवं.
बादलीत बाटली, बाटलीच्या तळाशी नळी,
धार अगदी हळू, झोपलेल्यावर पांघरूण घालावं तशी.
भरून वाहू द्यायचं. झाकण पाण्याखालीच फिरवायचं.
मग बाटली उलटी करून उजेडात धरायची.
मसुराएवढा बुडबुडा.
ओतून देते. पुन्हा.

"एवढ्याशा हवेचं एवढं काय?"
त्या हवेत तो निसटतो, मी सांगते. रेडॉन.
रंग नाही, वास नाही, चव नाही.
"चव नाही कशी? या पाण्यासाठी
ओईवाची बहीण ताम्पेरेहून डबे घेऊन यायची."
मी गप्प. कुणाच्या पाण्याला
त्याच्याच घरात उभं राहून नावं ठेवू नयेत.

फॉर्मवर वेळ लिहायची, मिनिटासकट.
चार दिवस पुरते व्हायच्या आत तो निम्मा होतो;
यंत्र मोजतं ते उरलेलं,
तिथून मागे मोजत या मिनिटाशी यायचं असतं.
भिंतीवर दहा एकतीस.
"ते अकरा मिनिटं पुढे आहे.
बस चुकू नये म्हणून त्याने लावलेलं.
बस बंद झाली. मग तोही गेला. घड्याळ राहू दे म्हटलं."
मी दहा वीस लिहिते.
अकरा मिनिटांनी उत्तर बदलत नाही,
हे तिला सांगत नाही.

प्रयोगशाळेत कुपी तीन तास अंधारात थांबते.
अणू फुटला की द्रवात ठिणगी पडते,
आपल्या डोळ्यांना न दिसणारी. यंत्र तेवढ्या मोजतं.
शेजारी एक कुपी कोऱ्या पाण्याची.
तिच्यातही थोड्या पडतात.
कुठून, ते आम्ही विचारत नाही. वजा करतो.

लिटरात, सेकंदाला, दोन हजार आठशे.
फोनवर ती आकडा दोनदा म्हणवून घेते.
"सेकंदाला? आपण बोलतोय तेवढ्यात?"
हो.
"पन्नास वर्षं मी त्यात बटाटे उकडले."
उकळताना तो उडून जातो. नुसतं प्यायलात, ते वेगळं.
बराच वेळ फोनमध्ये फक्त खरखर.
मग, "काय करायचं ते सांग."

उपाय इतका साधा की सांगताना लाज वाटते:
पाण्याला हवा दाखवायची.
तळघरात टाकी, पंप, भोकं पाडलेली नळी,
छपरावर जाणारा एक पाइप.
मसुराएवढा मी चालवून घेतला नव्हता,
आता हजारो, दिवसरात्र, तिच्या पाण्यातून वर चढतात.

एप्रिलात पडताळणीला गेले. कॉफी तयार.
"पचपचीत," लेम्पी म्हणाली. "पाणी बदललं."
मी घोट घेतला. तसं काही नव्हतं.
निदान मला कळलं नाही.
खिडकीत जॅमची बरणी, पाण्याने काठोकाठ, झाकण घट्ट,
वर पेन्सिलीने तारीख,
टाकी बसवायच्या आदल्या दिवसाची.
मी मनात दोनाने भागत गेले,
निम्मा, निम्म्याचा निम्मा,
सहा आठवडे. आता शोधूनही सापडला नसता.

तिने बरणी उचलली, उजेडात धरली,
उलटी केली, माझ्यासारखीच, एक डोळा मिटून.
"बघ," म्हणाली. "एकही नाही."